ईसीजीत हार्ट अटॅक, सीटीत ब्रेन हॅमरेज: एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

रुग्णाची, नातेवाइकांची आणि रुग्णालयांची ओळख पटेल असे सर्व तपशील गाळले किंवा बदलले आहेत. लिहिणारा अतिदक्षता विभागात काम करणारा भूलतज्ज्ञ आहे. मेंदूभोवती रक्तस्राव झाला की हृदय कसे आणि का कोलमडते, आणि त्या गोंधळात कोणता निर्णय आधी घ्यायचा, हे मांडण्यासाठी हे प्रकरण निवडले आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावाजवळ राहणाऱ्या ५२ वर्षांच्या अंगणवाडी सेविका. वॉर्डात सगळे त्यांना काकू म्हणायचे, तेच इथे चालू ठेवतो. काही वर्षांपासून रक्तदाबाची गोळी लिहून दिलेली. पण ती ‘डोकं जड वाटलं की’ घ्यायची, असा त्यांचा हिशेब. मिश्रीची सवय. मधुमेह नाही, छातीत कधी दुखलेले नाही, कडेवर पोर घेऊन चढ चढताना दम लागत नव्हता.

सकाळी पावणेसातला नळाचे पाणी भरताना कळशी उचलून सरळ होता होता त्या ओरडल्या, ‘आई गं, डोकं फुटलं!’ तिथेच बसल्या आणि आडव्या झाल्या. एक-दोन मिनिटे हाकेला ओ नाही. मग डोळे उघडले, दोनदा उलटी झाली, अंगाला दरदरून घाम सुटला. मुलाने शेजाऱ्याच्या गाडीतून तालुक्याच्या रुग्णालयात नेले.

आठवडाभर आधी अशीच मानेतून वर जाणारी जोरदार कळ येऊन गेली होती. पित्त म्हणून लिंबूपाणी पिऊन त्या कामाला गेल्या. हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी, त्या बोलायला लागल्यावर कळले.

पहिल्या रुग्णालयात काय झाले

पोचल्या तेव्हा नाडी ११०, रक्तदाब १८४/१०२, अंग घामाने थबथबलेले. गुंगी होती; विचारलेल्याला उत्तर द्यायच्या, पण अर्धवट. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन दिले गेले. ईसीजी काढला तर छातीवरच्या व्ही २ ते व्ही ५ लीडमध्ये एसटी भाग (ठोक्याच्या आलेखातला एक तुकडा) उचललेला, म्हणजे हार्ट अटॅकची नेहमीची खूण. मशीननेही कागदावर ‘अ‍ॅक्यूट एमआय’ छापून दिले, म्हणजे ताजा हार्ट अटॅक. ट्रोपोनिनचे (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचे) कार्ड पॉझिटिव्ह आले. घाम, उलटी, ईसीजी, ट्रोपोनिन असे सगळे एका रांगेत बसत होते. अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम, क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम आणि अटोर्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम देऊन झाले, आणि गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेस ट्रॉलीवर आले.

त्या औषधाची संमती घेताना डॉक्टरांनी मुलाला नियमाप्रमाणे धोके सांगितले. त्यांत एक होता, डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. मुलगा म्हणाला, ‘पण डॉक्टर, तिचं तर डोकंच दुखतंय. छातीचं ती काही बोललीच नाही.’

डॉक्टर थांबले. मान वाकवून पाहिली; मऊ होती. इथे पुष्कळ जण फसतात. मानेचा ताठरपणा रक्तामुळे आवरणांना सूज आल्यावर येतो आणि त्याला काही तास लागतात. पहिल्या तासात मान मऊ असणे म्हणजे रक्तस्राव नाही असे नव्हे. या डॉक्टरांनी मऊ मानेवर विसंबून राहायचे नाही असे ठरवले. इंजेक्शन बाजूला ठेवले आणि गावातल्याच सीटी सेंटरला पाठवले. मेंदूच्या तळाशी, रक्तवाहिन्यांच्या चौकाभोवती पांढरे दाट रक्त पसरलेले होते, थोडे आतल्या पोकळ्यांतही उतरले होते. निदान सबअ‍ॅरॅक्नॉइड हॅमरेज, म्हणजे मेंदूच्या आवरणांमधल्या जागेतला रक्तस्राव. डोक्याला मार नसताना असे रक्त दिसले, तर बहुतेक वेळा धमनीवरचा फुगा फुटलेला असतो.

पहिला निर्णय: सीटीसाठी थांबायचे का

मागे वळून पाहताना हे सोपे वाटते. त्या क्षणी तसे नसते. खरा हार्ट अटॅक असेल तर प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. रुग्ण दारात आल्यापासून सुई टोचेपर्यंतचा वेळ अर्ध्या तासाच्या आत असावा असा दंडक आहे, आणि सीटीला नेऊन आणायला पाऊण तास गेला. डोके दुखते म्हणणाऱ्या प्रत्येक हृदयरुग्णाला आधी सीटीला पाठवायला लागलो, तर रक्तस्राव क्वचित सापडेल आणि अटॅकचे रुग्ण मात्र रोज उशिरा औषध घेतील. म्हणून ‘सरसकट सीटी करा’ असा नियम मला मान्य नाही.

काकूंच्या बाबतीत मात्र तीन गोष्टी एकत्र होत्या: क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, तिच्यासोबत शुद्ध हरपणे, आणि छातीत काहीही नसणे. तिघांपैकी पहिल्या दोन असल्या तरी सुई थांबवायला पुरेशा आहेत असे माझे मत आहे. कवटीत रक्तस्राव चालू असताना टेनेक्टेप्लेस गेले असते, तर पुढचे काही लिहायची वेळ आली नसती. सहा तासांच्या आत, चांगल्या मशीनवर केलेला आणि जाणत्या रेडिओलॉजिस्टने वाचलेला साधा सीटी असा रक्तस्राव जवळजवळ कधीच चुकवत नाही. म्हणजे तपासणी करायचीच तर ती लवकर करण्यात दुहेरी फायदा आहे.

आमच्याकडे पोचल्यावर

१०८ च्या रुग्णवाहिकेतून अडीच तासांचा प्रवास. वाटेत ऑक्सिजन घसरत गेला, तोंडाला गुलाबी फेस आला. आमच्या दारात उतरल्या तेव्हा ऑक्सिजनची पातळी ८६, नाडी १२८ आणि रक्तदाब ९२/६०. सकाळचा १८४ कुठे गेला?

नेहमीच्या रक्तस्रावात आमची पहिली लढाई चढलेला रक्तदाब आवरण्याची असते, कारण फुटलेल्या फुग्यावर दाब नको. इथे उलटे झाले होते. नळी टाकून व्हेंटिलेटर लावला आणि कार्डिओलॉजिस्ट मॅडमनी खाटेवरच टू-डी इको केला. डाव्या कप्प्याचे इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातले किती रक्त बाहेर फेकले जाते ते, ३० टक्के. निरोगी हृदयात ते ५५-६० च्या पुढे असते.

पण आकड्यापेक्षा मॅडमनी पुढे जे दाखवले ते महत्त्वाचे. हृदयाचा बुडखा आणि मधला भाग जवळजवळ हलत नव्हता, टोक मात्र उत्तम आकुंचन पावत होते. पुढच्या मोठ्या धमनीत गुठळी झाली असती, तर सगळ्यांत आधी टोकच निपचित पडले असते. कोणत्याही एका धमनीच्या हद्दीत न बसणारी ही कमजोरी होती. ट्रोपोनिन १.८. इतका स्नायू थांबला असताना खऱ्या अटॅकमध्ये हा आकडा कितीतरी वर जातो. ईसीजीत क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदयाची वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) सुधारित मोजणीने ५४० मिलिसेकंद, म्हणजे धोक्याच्या रेषेपलीकडे.

हृदय का कोलमडते

फुगा फुटतो त्या क्षणी कवटीतला दाब एकदम चढतो, काही सेकंद मेंदूचा रक्तपुरवठा थांबल्यासारखा होतो. शुद्ध जाते ती यामुळेच. त्या धक्क्याने हायपोथॅलॅमस आणि इन्सुला या मेंदूतल्या भागांतून सिंपथेटिक नसांचा, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या नसांचा, लोंढा सुटतो. रक्तात अ‍ॅड्रिनलिन वाढते, पण खरे नुकसान करते ते हृदयाच्या स्नायूतच शिरलेल्या नसांच्या टोकांतून ओतले जाणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन. स्नायूपेशींत कॅल्शियम भरून जातो, तंतू आकुंचन पावलेल्या अवस्थेत अडकतात. शवविच्छेदनात असे आकसलेले पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, आणि ते नसांच्या टोकांजवळ जास्त असतात. हृदयाच्या टोकाला या नसा विरळ असतात. काकूंचे टोक का वाचले, याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण हेच.

म्हणून ‘ईसीजी फसवा होता’ असे म्हणणे मला पटत नाही. इजा खरी होती, ट्रोपोनिन खरे होते, थांबलेले हृदय तर डोळ्यांसमोर होते. धमन्या मोकळ्या असूनही हे सगळे होऊ शकते, एवढेच.

हे ज्ञान नवे नाही. मेंदूच्या झटक्यात ईसीजीतल्या टी लाटा उलट्या होऊन खोल जातात आणि क्यूटी लांबतो, याचे सविस्तर वर्णन १९५४ मध्ये बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. जपानमध्ये १९९० मध्ये ताकोत्सुबो म्हणून वर्णिलेला, मोठ्या मानसिक आघातानंतर टोक फुगणारा विकार याच घराण्यातला. फरक इतकाच की तिथे बहुधा टोक थांबते आणि बुडखा चालतो. सबअ‍ॅरॅक्नॉइड हॅमरेजच्या साधारण एकतृतीयांश रुग्णांत ट्रोपोनिन वाढते आणि ईसीजीत काही ना काही बदल तर निम्म्याहून अधिक जणांत दिसतात. स्त्रियांत आणि ज्यांचा रक्तस्राव मोठा त्यांच्यात हृदय अधिक वेळा कोलमडते. काकू दोन्हींत बसत होत्या.

जाता जाता: मेंदूमृत दात्याचे हृदय पहिल्या इकोत कमजोर दिसले म्हणून लगेच नाकारायचे नसते, त्याचे कारणही हेच. काही तास नीट सांभाळून पुन्हा इको केला, तर तेच हृदय कधी कधी देण्याजोगे निघते.

कोणते पर्याय होते

दुपारी खाटेजवळ न्यूरोसर्जन, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, कार्डिओलॉजिस्ट आणि मी उभे होतो. प्रश्न एकच: आधी काय?

एक मत होते की आधी कोरोनरी अँजिओग्राफी करून घ्यावी, म्हणजे शंका उरणार नाही. पण काही सापडले असते तरी करायचे काय? स्टेंट म्हणजे हेपरिन आणि दोन-दोन गुठळीरोधक औषधे, तीही उघड्या फुग्यावर. ज्या तपासणीचे उत्तर काहीही आले तरी आजचा उपचार बदलणार नाही, ती आज करायची नाही, यावर लवकर एकमत झाले. मेंदूची अँजिओ करताना त्याच लाइनमधून हृदयाच्या धमन्यांत दोन इंजेक्शने मारून पाहावीत, अशीही सूचना आली. मोह होण्याजोगी होती. पण जास्तीचा डाय, जास्तीचा वेळ आणि अर्धवट हृदय, म्हणून सोडली. टोकही थांबलेले असते तर मी कदाचित तिच्या बाजूने बोललो असतो.

दुसरा पर्याय होता तीन-चार दिवस थांबून हृदय सावरू देण्याचा. ऐकायला समजूतदार, आणि माझ्या मते सर्वांत घातक. फुगा पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असते, त्यातही पहिल्या काही तासांत. दुसऱ्यांदा फुटला की पुन्हा तोच लोंढा आणि पुन्हा तेच हृदय. शिवाय चौथ्या दिवसापासून मेंदूच्या धमन्या आकसण्याचा काळ सुरू होतो. त्या काळात रक्तदाब चढवावा लागतो, आणि फुगा उघडा असताना तो चढवता येत नाही. थांबलो असतो तर पुढचे हातही बांधले गेले असते.

मग फुगा लगेच बंद करायचा, पण कसा? कवटी उघडून क्लिप लावायची की मांडीतून तार नेऊन फुग्यात कॉइल, म्हणजे मऊ तारेची वेटोळी, भरायची? २००२ मध्ये आयसॅट या २१४३ रुग्णांच्या चाचणीत वर्षअखेर मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलिंगच्या गटात २३.७ टक्के आणि क्लिपिंगच्या गटात ३०.६ टक्के होते. पण ती चाचणी दोन्ही उपचार शक्य असलेल्या फुग्यांपुरती होती, आणि आमचा निर्णय त्या आकड्यांवर झालाच नाही. सकाळच्या अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलने तो ठरवला. प्लेटलेट्स निकामी असताना मेंदूवर शस्त्रक्रिया म्हणजे न थांबणारे रक्त. उलट कॉइलिंगमध्ये तारेभोवती गुठळी होण्याची भीती असते, तिथे तीच औषधे थोडीफार उपयोगी पडतात. सकाळची चूक दुपारी अशी पथ्यावर पडली. सीटी अँजिओत फुगा पुढच्या जोडधमनीवर, ६ मिलिमीटरचा, अरुंद मानेचा दिसला. कॉइलसाठी सोयीचा.

प्लेटलेट्स चढवाव्यात का, हाही प्रश्न आला. २०१६ च्या पॅच चाचणीत मेंदूच्या गाभ्यातल्या रक्तस्रावात, अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे चालू असलेल्यांना प्लेटलेट्स दिल्यावर परिणाम उलट वाईट आले. आमचा रक्तस्राव वेगळ्या जातीचा, ती चाचणी त्याला थेट लागू नाही. पण कवटी उघडायची नसेल तर द्यायचे ठोस कारणही नव्हते. दिल्या नाहीत. मेंदूच्या पोकळ्या किंचितच मोठ्या होत्या, म्हणून त्यांतले पाणी काढणारी नळी टाकायचेही लांबवले.

नातेवाइकांशी बोलणे

या सगळ्यात मुलगा आणि काकूंचे दीर बाहेर बसून होते. दीर सरळच म्हणाले, ‘सकाळी हार्ट सांगितलं, आता डोकं सांगताय. नक्की काय ते एकदा ठरवा, मग सही घ्या.’ राग रास्त होता. मी कागदावर डोके आणि हृदय काढून मधे बाण मारला: आजार वर, दुखापत खाली. सकाळच्या डॉक्टरांनी सुई थांबवली म्हणून काकू इथवर पोचल्या, हेही सांगितले. ते सांगितले नसते तर गावी परतल्यावर त्या डॉक्टरांचे काय झाले असते, हे तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्या कुणालाही समजेल. सही झाली. सरकारी आरोग्य योजनेची कागदपत्रे जमवायला मुलाचा धाकटा भाऊ गावी गेला.

काय केले

संध्याकाळी कॉइलिंग झाले. भूल देताना हृदय दाबणारी औषधे कमीत कमी, रक्तदाब सतत मोजायला धमनीत लाइन, हेपरिन नेहमीपेक्षा कमी आणि तेही पहिली कॉइल नीट बसल्यावर. फुगा पूर्ण भरला.

खरी कसरत रात्री सुरू झाली. रक्तदाब टिकवायला काही तरी द्यावे लागणार, आणि हाताशी असलेली बहुतेक औषधे म्हणजे ज्या रसायनाने हृदय मारले त्याचीच भावंडे. मोट ओढून कोसळलेल्या बैलाला पुन्हा आसूड मारल्यासारखे. म्हणून नॉरअ‍ॅड्रिनलिन अगदी थोडे, केवळ धमन्यांचा ताण राखण्यापुरते, आणि आकुंचनासाठी मिलरिनोन. मिलरिनोन अ‍ॅड्रिनलिनच्या वाटेने जात नाही आणि मेंदूच्या आकसलेल्या धमन्याही सैल करते. तोटा असा की ते रक्तदाब पाडते, म्हणून नॉरअ‍ॅड्रिनलिनची जोड. टोक फुगणारा प्रकार असता, तर हृदयाच्या बाहेर जाण्याच्या वाटेत अडथळा तयार होतो का ते आधी पाहावे लागले असते. तिथे आकुंचन वाढवणारी औषधे उलटतात. इथे इकोत तसे काही नव्हते. हृदयावरचा हा मारा अडवणाऱ्या बीटा ब्लॉकरचा विचार तात्त्विकदृष्ट्या चांगला, पण ९२ च्या रक्तदाबावर तो विचारच राहिला.

फुप्फुसांत पाणी होते. पहिल्या तासात लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचा एक छोटा डोस दिला आणि तिथेच थांबलो. कनिष्ठ सहकाऱ्यांना हे पटत नव्हते; एक्स-रे पांढरा दिसतो तोवर लघवी वाढवायची, ही आपली सवय. पण या आजारात शरीर कोरडे पडले की मेंदूच्या आकसणाऱ्या धमन्यांतून रक्त पुढे सरकत नाही. फुप्फुस म्हणते सुकवा, मेंदू म्हणतो भरा. तडजोड अशी: पाणी काढायचे नाही, व्हेंटिलेटरचा पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत राखलेला दाब, वाढवून फुप्फुसे उघडी ठेवायची, आणि जितके बाहेर जाईल तितकेच आत द्यायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत व्हेंटिलेटरमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन निम्म्यावर आणता आला. पूर्वी अशा रुग्णांना मुद्दाम जास्त पाणी चढवायची पद्धत होती. ती सोडली गेली हे बरे झाले. काकू त्या पद्धतीत वाचल्या नसत्या.

धमन्या आकसल्याने मेंदूचे होणारे नुकसान कमी करणारे निमोडिपिन ६० मिलिग्रॅम दर चार तासांनी, २१ दिवस, हा ठरलेला पाठ. पहिल्याच डोसनंतर रक्तदाब वीसने पडला. बंद करण्याऐवजी ३० मिलिग्रॅम दर दोन तासांनी केले. सिस्टरांचे काम दुप्पट झाले, पण औषध पूर्ण गेले.

पहाटे तीनच्या सुमारास मॉनिटरवर पिळवटलेल्या दोरीसारख्या लाटा आल्या आणि काही सेकंदांत आपोआप थांबल्या: टोरसाद, लांबलेल्या क्यूटीतून येणारी हृदयाची जीवघेणी ठरू शकणारी लय. क्यूटी लांब, पोटॅशियम २.९, मॅग्नेशियम १.४, आणि सकाळचे ऑन्डान्सेट्रॉन, जे क्यूटी आणखी ताणते. शिवाय तेच औषध आमच्या स्वतःच्या चार्टवरही ‘गरज पडल्यास’ म्हणून लिहिलेले होते. रात्रीच्या सिस्टरांनी ते दिले नव्हते आणि लाटा दिसताच आधी चार्ट माझ्यासमोर धरला. मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून, पोटॅशियम चारच्या वर, मॅग्नेशियम दोनच्या वर, आणि चार्टवर लाल शाईने क्यूटी वाढवणारी औषधे बंद. पुन्हा तसे झाले नाही.

सातवा दिवस

चौथ्या दिवशी इजेक्शन फ्रॅक्शन ४०, सहाव्याला ४५. श्वासाची नळी निघाली होती, काकू मुलाला ओळखत होत्या. सातव्या दिवशी सकाळी त्या गप्प झाल्या. डोळे उघडे, पण स्वतःहून शब्द नाही, आणि उजवा पाय उचलता येईना. पुढच्या जोडधमनीच्या फुग्यानंतर धमन्या आकसल्या की हे असेच दिसते. ट्रान्सक्रेनियल डॉप्लरमध्ये, म्हणजे कवटीबाहेरून केलेल्या सोनोग्राफीत, धमन्यांतल्या रक्ताचे वेग वाढलेले होते.

आता पुन्हा तोच ताण, उलट्या दिशेने. मेंदूला वाचवायचा तर रक्तदाब चढवायचा. तो चढवायचा म्हणजे अर्धे सावरलेल्या हृदयावर ओझे. सरळ कॅथ लॅबमध्ये नेऊन धमनीत औषध सोडावे, की आधी रक्तदाब वाढवून पाहावा? आम्ही पायऱ्या ठरवल्या: नॉरअ‍ॅड्रिनलिन वाढवून वरचा रक्तदाब १६० पर्यंत, दर पायरीनंतर इको, फ्रॅक्शन घसरले किंवा दोन तासांत पाय हलला नाही तर कॅथ लॅब. हृदयाने तक्रार केली नाही, पण पायही हलला नाही. दुपारी धमनीतून मिलरिनोन दिले. रात्री काकूंनी पाणी मागितले. दुसऱ्या दिवशी पाय खाटेवरून उचलला.

हे करता आले ते फुगा पहिल्याच संध्याकाळी बंद झाला होता म्हणून.

परिणाम

सोळाव्या दिवशी इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के. ईसीजीतल्या खोल उलट्या टी लाटा मात्र आठवडे टिकल्या. हृदय नीट चालू लागल्यावरही त्या रेंगाळतात. त्या पाहून पुन्हा कुणी घाबरू नये म्हणून डिस्चार्जच्या दिवशीचा ईसीजी फाइलला जोडून दिला. दीड महिन्यानंतर सीटी कोरोनरी अँजिओ केली: धमन्या स्वच्छ.

तीन महिन्यांनी काकू चालत आल्या. पायात ताकद आहे, स्वयंपाक करतात, पण दुपारी गळून जातात आणि पोषण आहाराच्या नोंदी भरताना कालचे आज आठवत नाही. अंगणवाडीत अर्धा वेळ जातात. नोंदी मदतनीस लिहिते. वैद्यकीय मोजपट्टीवर हा ‘चांगला परिणाम’ गणला जातो. त्यांचे यजमान तसे म्हणत नाहीत.

वेगळे काय करता आले असते

टेनेक्टेप्लेस थांबले, पण अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल गेले होते. डोकेदुखीचा प्रश्न संमतीच्या वेळी नव्हे, ईसीजीच्या आधी यायला हवा होता. घरून आणणाऱ्याला ‘पडण्याच्या आधी त्या काय म्हणाल्या?’ असे एक वाक्य विचारले असते तरी पुरले असते. गुंगीतला रुग्ण स्वतः सांगू शकत नाही, आणि कॅज्युअल्टीत नातेवाईक पडद्याबाहेर काढलेला असतो. मशीनने छापलेले निदान सगळ्यांत आधी वाचले जाते, हीही अडचण.

दुसरे, अडीच तासांच्या प्रवासात रक्तदाब आणि ऑक्सिजन घसरत असताना सोबतच्या चिठ्ठीत हृदयाबद्दल काहीच नव्हते. निदान बदलले तसा ईसीजीचा कागदही मागे राहिला. मेंदूचा रुग्ण म्हणून पाठवलेल्या बाईंचे हृदय वाटेत ढासळेल, याची रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना कल्पना असती, तर प्रवासाला निघण्याआधीच श्वासाची नळी टाकली गेली असती.

आमच्या बाजूला, क्यूटी ५४० दिसल्यावर पोटॅशियम-मॅग्नेशियमचे रिपोर्ट येण्याची वाट न पाहता मॅग्नेशियम सुरू करता आले असते. आता आमच्याकडे मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाच्या प्रत्येक रुग्णाचा ईसीजी, ट्रोपोनिन आणि इको पहिल्याच दिवशी होतो. छातीत दुखते का, हे विचारत बसत नाही.

आणि एक कागदाची गोष्ट. तालुक्याच्या रुग्णालयाच्या नोंदीत ‘अ‍ॅक्यूट एमआय’ राहिले होते. पुढे गावातल्या एका दवाखान्यात ते पाहून काकूंना पुन्हा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुरू झाले. तीन महिन्यांच्या भेटीत पिशवीतून गोळ्या निघाल्या तेव्हा कळले. गोळ्या बंद केल्या. रक्तदाबाची गोळी रोजची केली, मिश्री सोडायला सांगितली. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत मराठीतच लिहून दिले: हृदयाच्या धमन्यांत अडथळा नाही, मेंदूच्या फुग्यावर कॉइल केलेली आहे, रक्त पातळ करणारे औषध सुरू करण्याआधी या क्रमांकावर फोन करावा.